पाठीवरचा भोपळा

विहीणबाई,

फ्रिजवरचा कागद अजून तसाच आहे. ईराने रंगीत पेनांनी केलेला. वर एक मासा, त्या माशाला तुमचा जाड काड्यांचा चष्मा, खाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'सेंगकांग आजी रेकॉर्ड', आणि मग तुमची पोहण्याची वेळ. दूध काढायला गेले की तो मासा चष्म्यातून माझ्याकडे बघतो, तुम्ही बघायचात तसा. जणू विचारतोय, "काय हो, आज तरी येताय का पाण्यात?"

तुमचे दिवसवार झाले. पाहुणे गेले, शेजाऱ्यांच्या खुर्च्या परत दिल्या. त्या संध्याकाळी ईरा फ्रिजसमोर उभी राहून म्हणाली, "बाबा, आता हे कोणीच ब्रेक करू शकत नाही, राइट? आजी डाइड. सो फॉरेव्हर." निखिलरावांनी लेकीला जवळ घेतलं. "हो बाळा, फॉरेव्हर." माझी वर्षा बेसिनकडे तोंड करून भांडी विसळत राहिली, विसळलेलीच भांडी. मग ईराने पुढचं सांगितलं. ती आता पूलला जाणार नाही. का, तर गेली की चांगलं पोहायला येणार, मोठी होणार, आणि एक दिवस आजीचं रेकॉर्ड मोडणार. "आय डोन्ट वॉन्ट," म्हणाली. पोहण्याची पिशवी तिने पलंगाखाली पार भिंतीपर्यंत ढकलली.

सगळ्यांना ते ऐकून भरून आलं. मला मात्र तुमचा आवाज ऐकू आला. "अगं कार्टे, काढ ती पिशवी!"

मी चौथी शिकलेली. आमच्या गावात शाळाच चौथीपर्यंत होती. लिहायची मला सवय नाही, पण तुमच्यासमोर बोलायची त्याहून नव्हती. म्हणून हे लिहून बोलते. दुपारी घरात कुणी नसतं. तुमच्या खुर्चीत बसलेली नाही, समोरच्या स्टुलावर बसले आहे.

सिंगापुरात, सेंगकांगच्या या घरात मी पहिल्यांदा आले तेव्हाचं तुम्हाला आठवत असेल. मुलीच्या घरी आईने फार दिवस राहू नये, तिच्या घरचं पाणीसुद्धा जपून प्यावं, असं ऐकत मी वाढले. त्यात तुम्ही मुलाची आई, मुंबईच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, इंग्रजी पेपर वाचणाऱ्या. मी सोफ्याच्या टोकावर बसायची. तुम्ही दोन दिवस बघितलंत आणि तिसऱ्या दिवशी म्हणालात, "विहीणबाई, नीट मागे टेकून बसा. तुम्ही पडाल आणि लोक मला म्हणतील, मुलीकडच्यांना छळलं." मी हसले, पण टेकले नाही. टेकायला मला दुसरी खेप लागली.

आपलं खरं बोलणं सुरू झालं ते रिओच्या ऑलिम्पिकच्या वेळी. तुम्ही टीव्हीसमोर स्टॉपवॉच घेऊन बसायचात. टीव्हीवर वेळ दिसत असली तरी तुम्हाला आपलं घड्याळ लागायचं. बँकेतून सुटलं की आणि रविवारी तुम्ही पोहण्याच्या शर्यतींना वेळ लावायला काठावर उभ्या राहायचात, इतकी वर्षं, की अंगठ्याला घट्टा पडला होता. मला तुम्ही सांगत होतात. मधे काही वर्षं पोहणाऱ्यांनी एक चकचकीत कपडा घातला. तो अंगाला चिकटून बसायचा आणि माणसाला पाण्याच्या वर उचलून धरायचा. त्या कपड्यात विक्रमांवर विक्रम झाले. मग त्या कपड्यावर बंदी आली, पण विक्रम ठेवले. "आता त्यातले काही मोडायचे नाहीत, विहीणबाई. माझ्या हयातीत तरी नाहीच."

मी निखिलरावांसमोर तोपर्यंत कधी मोठ्याने बोलले नव्हते. पण तोंडातून निघून गेलं, "म्हणजे पाठीला भोपळा बांधून पोहल्यासारखंच की."

तुम्ही टीव्हीचा आवाज बंद केलात.

मग मला सगळं सांगावंच लागलं. आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधतात. भोपळा तरंगतो, पोर तरंगतं, बुडायची भीती जाते. एक दिवस दोर सोडतात आणि मागून ढकलतात. ज्या दिवशी भोपळा सुटला त्या दिवसापासून पोहायला येतं असं धरायचं, त्याआधीचं धरायचं नाही. माझा भोपळा लवकर सुटला. पुढे कुणाची कळशी विहिरीत पडली आणि गळ टाकूनही निघाली नाही, की मला हाक यायची. सूर मारायचा, तळाच्या गाळात चाचपायचं, कळशीचा काठ हाताला लागला की पाय झाडून वर. मी शहाणी झाले तसं आईने सांगितलं, आता पुरे. त्यानंतर मी पाण्यात उतरले नाही.

"तुम्हाला पोहता येतं? आणि इतकी वर्षं सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही."

निखिलराव हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्हाला वाद मिळाला होता. मी म्हणत होते, भोपळ्यावरचे विक्रम पुसून टाका. तुम्ही म्हणत होता, पुसायचं नाही, कधीच नाही. "नियम तेव्हा होता तसा होता. आणि भोपळा असला तरी हात तर त्या पोरींचेच होते ना? विक्रम पुसायचा नसतो. मोडायचा असतो. कुणीतरी यावं, भोपळ्याशिवाय यावं, आणि मोडावा." मी म्हटलं, आणि नाहीच आलं कुणी तर? तुम्ही स्टॉपवॉचची दोरी बोटाला गुंडाळत बसलात.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना तुम्ही स्वतःचं सांगितलंत. कॉलेजात असताना तुमच्या नावावर एक विक्रम होता. तलाव गोऱ्यांच्या वेळचा, यार्डात मोजलेला. भिंतीवरच्या लाकडी फळीवर तुमचं माहेरचं नाव रंगवलं होतं. पुढे तो तलाव पाडला आणि मीटरचा नवा बांधला. मग त्या अंतराची शर्यतच बंद झाली. "माझा विक्रम जगात कुणाला मोडता यायचा नाही," तुम्ही म्हणालात, "कारण आता तेवढं कुणी पोहतच नाही." मी म्हटलं, मग चांगलंच आहे की, नाव कायमचं राहिलं. तुम्ही माठाची जून देठं बाजूला टाकलीत आणि म्हणालात, "चांगलं काय त्यात? मी पुढच्या वर्षी बघायला गेले होते, कोण मोडतंय म्हणून. काठावर जाऊन बसले होते. पोरगी येईल, मोडेल, मग मी तिला भेटेन. आलीच नाही. अजून बसलेलीच आहे मी काठावर."

हे तुम्ही हसत म्हणालात. मी ते हसण्यावारी नेलं नाही.

मग तुम्ही माझ्या मागे लागलात. मी म्हणायची, या वयात, लोकांच्या समोर, तसले कपडे, नको बाई. एके दिवशी तुम्ही पिशवी आणून माझ्या मांडीवर टाकलीत. मलाय बायका घालतात तसा पोहण्याचा पोशाख, मनगटापासून घोट्यापर्यंत, डोक्याला टोपडं. "आता बोला. माझ्यापेक्षा तुम्हीच झाकलेल्या दिसाल." घालून आरशात बघितलं आणि मला माझीच गंमत वाटली. ईरा म्हणाली, "सातारा आजी, यू लुक लाइक निन्जा लाह!"

आपण एलआरटीच्या छोट्या गाडीने पूलवर गेलो. दोन विहिणी आणि मधे नात. निळं पाणी, तळ दिसणारं. मला तळ दिसतो याचीच भीती वाटली. आमच्या विहिरीत तळ कधी दिसला नाही, तो हाताला लागायचा. तुम्ही पायऱ्यांनी उतरलात. मी काठावर तशीच. मग काय झालं कुणास ठाऊक, मी सूर मारला. जीवरक्षकाने शिट्टी फुंकली, तिथे सूर मारायला मनाई होती. मी वर आले तेव्हा तुम्ही इतक्या मोठ्याने हसत होतात की दर सकाळी येणारे ते म्हातारे चिनी अंकल थांबून बघायला लागले. "वा! वा! धिस आंटी व्हेरी स्ट्राँग!" माझी मान वर होत नव्हती, पण पाण्यातून बाहेर यावंसंही वाटत नव्हतं. पन्नास वर्षांनी माझ्या अंगाने मला ओळखलं होतं.

श्वास कसा घ्यायचा ते मला तुम्ही शिकवलंत. मी डोकं वर काढून पोहायची, म्हशीसारखी. तुम्ही म्हणायचात, "मान वळवा, उचलू नका. पाण्यावर उशी आहे असं समजा." ते जमलं तेव्हा पाणी एकदम हलकं झालं. हे मला कुणी लहानपणी सांगितलं असतं तर, असं मनात आलं, आणि मग वाटलं, आता सांगितलं हेही काही कमी नाही.

आणि मग ती शर्यत. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एकदाच. ईराच्या गळ्यात तुमचं स्टॉपवॉच. तिने "ऑन युअर मार्क" इतक्या जोरात म्हटलं की शेजारच्या लेनमधला माणूसही तयार झाला. अर्ध्यापर्यंत आपण बरोबर होतो. पुढे मला कळलं की मी पुढे जाते आहे. तुमचे हात सुंदर पडत होते, पण माझ्यात जोर होता. आणि भिंत दिसायला लागली तसे माझे हात आपोआप सैल पडले. तुम्ही पुढे गेलात आणि भिंतीला हात लावलात. ईरा नाचायला लागली. मी म्हटलं, "वा विहीणबाई, जिंकलात!"

तुम्ही चष्मा नसलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलंत. आणि पाण्यातून बाहेर निघालात. गाडीत खिडकीबाहेर बघत बसलात. घरी मी शिरा केला, तोही नको म्हणालात. ईरा कागदावर मासा काढत बसली होती. ती झोपायला गेल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात आलात.

"तुमचे हात थांबले."

"दमले हो मी."

"विहीणबाई, मी जन्मभर काठावर उभी राहून हात बघितलेत. दमलेला हात मला कळतो आणि थांबवलेला हातही कळतो. का थांबलात?"

मी खाली बघून म्हटलं, "मुलीकडच्यांनी पुढे जायचं नसतं."

मला वाटलं, तुम्ही हसाल. तुमचे डोळे भरून आले, रागाने. "पाण्यात कसली मुलीकडची आणि कसली मुलाकडची? जेवायला मला आधी वाढता, मी गप्प बसते. वर्षाला हळदीकुंकवाला माझ्या पाया पडायला लावता, मी गप्प बसते. पण हे? तुम्ही माझ्या पाठीला भोपळा बांधलात."

माझंच बोलणं तुम्ही मला परत केलंत, आणि ते बरोबर होतं. पण मलाही काही म्हणायचं होतं. मला ते तेव्हा सुचलं नाही, आता सुचतंय. मान दिला यात मला आजही कमीपणा वाटत नाही. मान देण्यातच मी घडले, त्यातच माझं घर उभं राहिलं, त्यातच माझी लेक तुमच्या घरात सुखाने नांदली. पण नुसता मान नव्हता तो. मी आयुष्यात कुणाच्या पुढे भिंतीला हात लावलेला नव्हता. तो लावायचा, मग मागे वळून तुमच्याकडे बघायचं, ते बघणं कसं करतात हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही विचारलंत, का थांबलात. हे खरं कारण होतं.

कागद काढून टाका, असं तुम्ही कितीदा म्हणालात. ईराला वाईट वाटेल म्हणून मी राहू द्या म्हणायची. मग तुम्ही म्हणायचात, "ठीक आहे, राहू दे. पण मग मोडा. भोपळ्याशिवाय." पुन्हा शर्यत लावायची ठरली. ती माझ्या पुढच्या खेपेवर गेली. मी आले तेव्हा तुमचं पोटातलं दुखणं सुरू झालं होतं. पहिल्यांदा आपण म्हणत होतो, बरं वाटलं की जाऊ. मग तसं म्हणणंही बंद झालं.

इस्पितळात शेवटी एकदा आपण दोघीच होतो. मी तुमचे पाय चोळत होते. तुम्ही विचारलंत, "फ्रिजवर आहे अजून?" मी हो म्हटलं. "खोटा विक्रम डोक्यावर घेऊन चालले मी." मी म्हटलं, "बऱ्या व्हा, मग बघू." तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "तुमचं 'मग बघू' मला चांगलं माहीत आहे. सोफ्याला टेकायला तुम्हाला दोन खेपा लागल्या." आणि हसलात. मीही हसले. वर्षा आत आली तर आपण दोघी हसतो आहोत, तिला काही कळेना.

तर ईराची ती पिशवी पलंगाखालून मी काढली. निखिलरावांनी बघितलं. त्यांना कळलं मी काय करायला निघाले ते.

"काकू, राहू दे ना ते. आईचं तेवढंच आहे आता."

मी जावयाला कधी उलटून बोलले नाही. त्या दिवशी बोलले. "ते तुमच्या आईचं नाही, निखिलराव. ते मी दिलेलं आहे. तुमच्या आईला ते नको होतं. तुमच्या आईला कुणीतरी मोडायला यायला हवं होतं. त्या कधीपासून काठावर बसून राहिल्या होत्या." निखिलराव उठले. मग आत जाऊन तुमचं स्टॉपवॉच घेऊन आले आणि ईराच्या गळ्यात घातलं.

ईरा गाडीत माझ्याकडे बघायला तयार नव्हती. "यू आर सो मीन," म्हणाली. मी म्हटलं, "असेन."

पूलवर ते चिनी अंकल होते. त्यांनी माझ्या मागे बघितलं, मग माझ्याकडे. "आंटी, अदर आंटी नो कम टुडे?"

मला इंग्रजी येत नाही, पण एवढं येतं. म्हटलं, "नो कम." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना समजलं. ते आपली लेन सोडून बाहेर आले आणि टॉवेल खांद्यावर टाकून काठावर उभे राहिले.

मी पाण्यात उतरले. पायऱ्यांनी उतरले, सूर मारला नाही. ईराने रडक्या आवाजात "गो" म्हटलं. मी मान वळवली, उचलली नाही. उशी आहे असं समजले. मधेच तुम्ही डाव्या हाताला आहात असं वाटलं आणि हात सैल पडायला लागले. लागले, हे खरं सांगते. तेव्हा मला तुमचे ते रागाने भरलेले डोळे दिसले, स्वयंपाकघरातले. मी हात सोडले नाहीत. कळशी घेऊन वर येताना छाती फुटायला येते आणि तरी पाय झाडायचे असतात, तशी मी शेवटपर्यंत गेले. भिंतीला हात लावला. आणि मग मागे वळून बघितलं, ते न जमणारं बघणं. पाणी हलत होतं, दुसरं कुणी नव्हतं. पण बघितलं मी.

ईरा घड्याळाकडे बघत होती. ओठ हलवत आकडे जुळवत होती. मग म्हणाली, "यू ब्रोक इट." आणि मोठ्याने रडायला लागली. अंकलनी हळूच टाळ्या वाजवल्या, एकदोनच.

मी तिच्याजवळ काठाशी गेले. म्हटलं, "आजीला हेच हवं होतं. आता जे आहे ते माझं आहे. आजीचं मोडायचं नव्हतं ना तुला? ते मोडलं मी. तुझ्यावर काही राहिलं नाही. माझं मोडशील?"

ती नाक पुसत विचारात पडली. "युअर्स?"

"माझं."

"युअर्स कॅन," म्हणाली. आणि स्टॉपवॉच माझ्या गळ्यात अडकवून तिने गुडघे पोटाशी घेऊन पाण्यात मुटका मारला. शिट्टी वाजली. विहीणबाई, ती वाजणारच होती. अर्ध्यावर जाऊन तिने लेनची दोरी धरली, खोकली, आणि तिथून ओरडून विचारलं, "किती झालं?" मला घड्याळ थांबवायचं कळलंच नव्हतं. ते नुसतं चालू होतं.

आता फ्रिजवर तोच कागद आहे. तुमचं पुसलं नाही, वादात तुम्ही जिंकलात ते मी मानते. तुमच्या वेळेखाली माझी आहे. ईराने दुसरा मासा काढला, त्याला टोपडं घातलंय. खाली तिने जागा सोडली आहे, स्वतःसाठी, बरीच मोठी.

रोज संध्याकाळी जातो आम्ही. पुढच्या महिन्यात माझं परत जायचं ठरलं होतं, ते मी पुढे ढकललं आहे. वर्षाला वाटतं, तिच्यासाठी. आणि हो, सोफ्याला टेकूनच बसते आता.

अजून ती अर्ध्यापर्यंतच जाते. पण हात चांगले पडतात, तुमच्यासारखे. परवा पाण्यातून बाहेर येताना मला म्हणाली, "सातारा आजी, यू जस्ट वेट." मी वाट बघते आहे. काठावर बसून नाही, बाजूच्या लेनमध्ये. ती येईल, आणि मोडेलही एक दिवस. पण तुम्हाला शब्द देते, मी माझे हात थांबवणार नाही.